दादाचा हात आणि साहेबाचा शब्द

इंग्रजीत 'एबल' असा एक शब्द आहे. लहानसा, रोजच्या वापरातला. इंग्रजी शिकणाऱ्याला तो पहिल्या वर्षातच भेटतो. एखाद्याच्या अंगात एखादं काम करायची कुवत आहे असं सांगायचं असलं की साहेबाच्या तोंडी हा शब्द येतो. दुभाष्या म्हणून आणि पुढे वकिलांचे कागद भाषांतर करताना मी तो हजारदा तरी उच्चारला-लिहिला असेल. त्यातल्या एका वेळेबद्दल मला लिहायचं आहे. लिहायला फार उशीर झाला आहे, हेही मला कळतं.

आम्ही जातीने माळी. अमरावतीहून चांदूर बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर आमचा मळा होता. वांगी, मेथी, कांदा, थोडी फुलं. बाप गेला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि दादा सतरा-अठराचा. आईने त्याआधीच डोळे मिटले होते. त्यामुळे दादा माझा भाऊ होता की बाप, हे मला कधी नीट वेगळं करता आलं नाही. वहिनी घरात आली तेव्हा मी आठ वर्षांचा असेन. तिनेच मला न्हाऊमाखू घातलं.

दादा रोज पहाटे भाजीची पाटी घेऊन अमरावतीच्या छावणीत जाई. तिथे कोकणातून आलेले एक मास्तर होते. साहेबांच्या कचेरीत दुभाष्याचं काम करत आणि सकाळी आपल्या ओसरीवर चार-सहा पोरांना इंग्रजी शिकवत. दादाने त्यांना एक दिवस विचारलं, "माह्या लहान्याले शिकवाल का?" मास्तर म्हणाले, "फी काय देशील?" दादाने पाटी खाली ठेवली. "यातलं रोज काय पायजे ते घ्या." मास्तरांनी वाकून दोन वांगी उचलली, देठ दाबून पाहिले आणि म्हणाले, "ठीक. पण पोरगं ओसरीच्या टोकाला बसेल." पाच वर्षं मी ओसरीच्या टोकाला बसलो आणि पाच वर्षं मास्तरांच्या घरी आमची भाजी गेली. पावसाळ्यात भाजी सडली तर दादा अंबाडी नेऊन देई, पण रिकाम्या हाताने त्या दारात गेला नाही.

मळ्यात मोट असते तिथे दोन माणसं लागतात. एक बैल हाकतो, दुसरा पाटाला उभा राहून वाफ्यांत पाणी वळवतो. मी शिकायला जाऊ लागल्यावर दादा दोन्ही कामं एकटा करू लागला. बैल थांबवायचे, धावत पाटाकडे जायचं, वाफ्याचं दार फोडायचं, परत धावत यायचं. एका सकाळी तो पाटाकडे असताना भरल्या मोटेच्या ओझ्याने बैल मागे सरकू लागले. त्याने धावत येऊन मोटेचा नाडा, म्हणजे दोर, पकडला, मनगटाला वळसा दिला आणि तसाच विहिरीवरच्या चाकापर्यंत ओढला गेला. मी तेव्हा छावणीत कसलं तरी क्रियापद पाठ करत होतो.

हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. मनगट जुळलं, दिसायलाही सरळ झालं. पण त्यातली धरण गेली. म्हणजे अशी, की हात सगळी कामं करायचा. रोप लावायचा, मेथीची जुडी बांधायचा, शेवंतीची वेणी करायचा. नाजूक कामात तर त्याच्या बोटांसारखी बोटं आमच्या तीन गावांत नव्हती. मात्र जड काही धरून ठेवायची वेळ आली, की मध्येच कधीतरी बोटं आपोआप उघडायची. भरलेली घागर सुटायची. बैलाचा कासरा सुटायचा. केव्हा सुटेल ते त्यालाही कळत नसे.

याबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. दिवा विझवला असं आपण म्हणत नाही, वाढवला म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही. तसंच हेही होतं. वहिनी पाण्याचा गडवा आपसूक त्याच्या डाव्या हाताला ठेवू लागली. पाटी त्याच्या डोक्यावर चढवायला मी आपसूक पुढे होऊ लागलो. कधी घागर सुटलीच तर वहिनी एवढंच म्हणे, "आज हात रुसला वाटते." दादा हसायचा. गावात कुणाला काही ठाऊक नव्हतं. घरच्या कर्त्या माणसाला एखादी गोष्ट जमत नाही हे दुसऱ्यासमोर, आणि त्यातही लहान्याने, तोंडातून काढायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, शिकवावं लागलंही नव्हतं.

मग कापसाचे दिवस आले. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून साहेबाची नजर वऱ्हाडावर पडली. ज्या रुईला कुणी विचारत नव्हतं तिच्यासाठी मुंबईचे दलाल चिखल तुडवत यायला लागले. लोकांनी बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं केली. आमच्या शेजारच्यांनी मळे मोडून कपाशी लावली. दादाने लावली नाही. "सगळेच कपाशी पेरतीन तं खातीन काय, सरकी?" असं तो म्हणायचा.

त्याच दिवसांत मास्तरांच्या चिठ्ठीवर मला अकोल्यात काम मिळालं. आगगाडी अजून तिथवर आली नव्हती, रुळांसाठी मातीचा बांध घालणं चालू होतं. एका व्यापाऱ्याने गावाबाहेर रुई दाबायचा कारखाना काढला होता आणि त्यावर एक साहेब नेमला होता. मी त्याचा दुभाष्या. डोक्याला पगडी, अंगात बाराबंदीऐवजी अंगरखा, पायांत जोडा. वय वीस-एकवीस.

रुई दाबायची रीत अशी होती. मोठ्या लाकडी पेटीत रुई भरायची. वरून जाड फळी, आणि फळीवर माणसाच्या मांडीएवढं जाड लोखंडी मळसूत्र. मळसूत्राच्या डोक्याला चार लांब दांडे. एकेका दांड्याला तीन माणसं छाती लावून गोल फिरत. फेऱ्यागणिक फळी खाली जाई. शेवटी रुई इतकी दबे की दांडा एक बोटभर सरकायलाही मुकादमाला ओरडावं लागे. मग तो म्हणे, "धरा." बाराही जणांनी दांडे जागच्या जागी धरून ठेवायचे, तोवर एक माणूस मळसूत्राच्या चाकात लोखंडी खुंटी बसवायचा. खुंटी बसली की सोडायचं. खुंटी बसायच्या आत कुणी सोडलं तर दबलेली रुई मळसूत्र उलटं फिरवी आणि दांडा परत येई. मी तिथे लागायच्या आधी एकाची बरगडी त्याने मोडली होती. म्हणून साहेब माणसं निवडताना स्वतः उभा राहायचा.

निवडीची रीतही सांगतो. सकाळी कामाला आलेली माणसं रांगेत उभी राहत. साहेब एकेकासमोर थांबे, वरून खाली बघे, आणि मला विचारे, "इज ही एबल?" मी त्या माणसाला विचारायचो, "धडधाकट आहेस का? काही दुखणं, मोडणं?" तो सांगे. मी साहेबाला हो किंवा नाही म्हणायचो. नाही म्हटलेल्यांना साहेब हाकलून देत नसे. त्यांच्यासाठी मागे एक मांडव होता. तिथे बायका आणि म्हातारी माणसं रुईतली पानं, काड्या, सरकी वेचत बसत. मजुरी कमी, पण काम सावलीतलं. साहेब भला होता की नाही ते मला ठरवता येणार नाही. माझ्या शब्दावर मात्र त्याचा पुरा भरवसा होता. मी 'नो' म्हटल्यावर त्याने कधी कारण विचारलं नाही.

फाल्गुनात आमच्याकडच्या विहिरी तळाला जातात आणि मळ्यात काम उरत नाही. त्या फाल्गुनात एका सकाळी मी रांगेसमोर आलो तर रांगेत आमच्या गावची माणसं उभी. सात जण होते, कापसाच्या गाड्यांबरोबर आले होते. आठवा दादा.

येणार असल्याचं त्याने कळवलं नव्हतं. धुळीने भरलेला धोतराचा सोगा, पायांत काही नाही. मला बघून गावचा एक जण मोठ्याने म्हणाला, "पाय ना, आपला लहान्या कसा साहेबावानी उभा हाये. वळखतं का आता आमाले?" दुसरा म्हणाला, "वळखीन नाही तं काय. भाजीचं पानी अजून सुकलं नसन त्याच्या हाताचं." सगळे हसले. दादाही हसला. मी हसलो की नाही ते आठवत नाही. साहेब येत होता म्हणून मी चेहरा सरळ केला, हे आठवतं.

साहेब एकेकाजवळून पुढे येत गेला. सातही जण भरभक्कम होते. सात वेळा मी हो म्हणालो. मग तो दादासमोर थांबला. दादा उंच होता, छातीने रुंद. साहेबाने मान हलवली आणि मला विचारलं, "इज ही एबल?"

रीतीप्रमाणे मी दादाला विचारायला हवं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. बापाच्या जागी असलेल्या माणसाला 'धडधाकट आहेस का' असं गावच्या सात माणसांसमोर कसं विचारायचं? दादाने एकदा माझ्याकडे बघितलं. अगदी थोडा वेळ. मग जमिनीकडे बघू लागला. उजवा हात त्याने धोतराच्या सोग्यात धरला होता.

मी म्हणालो, "येस, सर."

साहेब पुढे गेला.

किती वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी आदरापोटी तसं बोललो. दादाचा मान राहावा म्हणून. ते खरं आहे, पण अर्धंच. मी 'नो' म्हटलं असतं तर दादा मागच्या मांडवात बायकांमध्ये बसला असता, आणि दुभाष्याचा भाऊ पानं वेचतो हे सगळ्या कारखान्याला दिसलं असतं. आणि आणखी एक. हा माझा भाऊ आहे, हे मी साहेबाला सांगितलं नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मला इंग्रजीत बिनचूक येत होतं. अनवाणी उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बघून ते मी बोललो नाही. पानं-काड्या वेचायच्या कामासाठी त्याच्या बोटांइतकी चांगली बोटं साऱ्या अकोल्यात सापडली नसती, हे तर मला नंतर सुचलं.

दुपारी आम्ही शेडच्या मागे लिंबाखाली भाकर खायला बसलो. वहिनीने माझ्यासाठी जवसाची चटणी पाठवली होती. दादाने विचारलं, "सायेबानं काय इचारलं माह्याबद्दल?"

"एबल हाये का म्हणून."

"म्हंजे काय?"

"म्हंजे कामाच्या जोगा हाये का. धडधाकट."

"अन् तू काय सांगतलं?"

"हाये म्हनलं."

दादाने भाकरीचा तुकडा चटणीला लावला आणि बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "बरं केलं."

मी म्हणालो, "दादा, जड वाटलं तं सांग. मी बोलतो सायेबाशी." तो म्हणाला, "तू तुहं काम कर. माह्यामुळं तुले कोनी बोट दाखवाले नोको."

एवढंच आमचं बोलणं झालं. हाताचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

तो शब्द मात्र दांड्यांवरच्या लोकांनी उचलला. गावच्या माणसांनी दादाला विचारून घेतला असावा. दोन दिवसांत ते एकमेकांना 'एबल' म्हणून हाका मारू लागले. "ए एबल, चिलीम इकडं कर." "कालची भाकर शिळी होती का बे एबल, जोर नाही लावून राहिला?" मुकादमही म्हणायचा, "चाला रे एबलहो." दादा मधल्या जागेवर होता, दोघांच्या मध्ये. मी कचेरीच्या दारातून बघायचो. 'धरा' अशी हाक आली की मी हातातलं काम थांबवायचो आणि खुंटीचा आवाज येईपर्यंत श्वास धरून उभा राहायचो. दिवसातून किती वेळा तरी. मला कळत होतं, म्हणूनच मी तसा उभा राहत होतो. कळत नव्हतं असं मला कुठेच म्हणता येत नाही. आठ दिवस माझ्या हातात होते.

नवव्या दिवशी दुपारी ते झालं. रुई विकणाऱ्या कुणी तरी ती ओली करून आणली होती, वजन वाढावं म्हणून. तेव्हा सर्रास करत. ओली रुई जास्त जोराने उलटते. मुकादम ओरडला, "धरा." मी दारात होतो. दादाच्या खांद्याला एक हिसका बसलेला मला दिसला. त्याचा उजवा हात सुटला. बाजूचे दोघे एकदम मागे रेटले गेले आणि त्यांनी उड्या मारल्या. दादाने उडी मारली नाही. त्याने सुटलेला दांडा पुन्हा धरायला हात पुढे केला, जसा त्याने मोटेचा नाडा धरला होता. दांडा फिरून आला आणि हात दांडा आणि शेडच्या खांबाच्या मध्ये सापडला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टराने मनगटाच्या चार बोटं वर हात कापला. मी दुभाष्या म्हणून उभा होतो. डॉक्टर काय करणार आहे, ते दादाला मीच सांगितलं. तो म्हणाला, "मंग रोपाचं कसं?" मला वाटलं तो शुद्धीत नाही. तो पुरा शुद्धीत होता. मृगात वांग्यांची रोपं लावायची होती.

साहेबाने मला बोलावलं. तो संतापला नव्हता. म्हणाला, मनुष्य दिसायला तर मजबूत होता, तू नीट विचारलं होतंस ना? मी म्हणालो, "येस, सर." ते माझं दुसरं 'येस'.

दादाला बैलगाडीत घालून मी गावी नेलं. वाटेत जिथे मुक्काम पडे तिथे लोक विचारत, काय झालं. दादा सांगायचा, "सायेबाच्या कारखान्यात होतो. माह्या भावानं सायेबाले सांगतलं होतं, हा एबल मानूस हाये. हे मातर रुई ओली होती, त्यानं घात झाला." गावातही त्याने हेच सांगितलं. पारावर, देवळात, लग्नकार्यात, प्रत्येक ठिकाणी. 'एबल' हा शब्द तो पदवीसारखा सांगायचा. ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने बघत. वहिनी तिथे असली तर उठून जायची.

पुढच्या थंडीत मी अमरावतीला मास्तरांकडे गेलो. त्यांनी कचेरीचं काम सोडलं होतं, ओसरीवर घोंगडी पांघरून बसत. समोर बाइंडिंग उसवलेला जाडजूड शब्दकोश. मी त्यांना विचारलं, "मास्तर, एबल म्हणजे नक्की काय?"

ते म्हणाले, "पाच वर्षं वांगी खाल्ली तुझ्या भावाची, एवढंही शिकवलं नाही का मी?"

"अर्थ येतो. शब्द आला कुठून, ते विचारतो."

त्यांनी चष्मा पुसला आणि पानं उलटली. मग सांगितलं ते असं. शब्द मूळचा लॅटिन. तिथून फ्रेंच लोकांकडे आला आणि त्यांच्याकडून इंग्रजांकडे. लॅटिनमध्ये त्याच्या सुरुवातीला ह होता. "फ्रेंचांनी तो गाळला," मास्तर म्हणाले, "तुम्ही वऱ्हाडी लोक 'आमी तुमी' म्हणताना गाळता तसाच." त्याच्या पोटात जो धातू आहे त्याचा अर्थ धरणं, जवळ बाळगणं. त्या शब्दाचा पहिला अर्थ, हातात सहज धरता येईल असं. हाताला बसणारं. एखादं हत्यार, एखादं भांडं. तिथून मग कामाला योग्य, आणि मग कुवत असलेला माणूस.

"म्हणजे ताकदीचा काही संबंध नाही?" मी विचारलं.

"मुळात नाही. खुरपं तुझ्या मुठीला बसतं की नाही, एवढाच प्रश्न. ताकद मागाहून आली." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ कसा आहे रे तुझा? बऱ्याच दिवसांत आला नाही."

मी सांगितलं, बरा आहे. ओसरीवरून उतरताना मला साहेबाचा प्रश्न आठवला. अपघाताच्या आठ दिवस आधी त्याने मला तो विचारला होता. हा माणूस आणि हा दांडा, यांची मूठ बसते का? उत्तर ठाऊक असलेला त्या आवारात मी एकटाच होतो.

नाही, एकटा नव्हतो. ते मला त्यानंतरच्या मृगात कळलं. मी आठ दिवसांची सुटी काढून घरी गेलो होतो. वांग्यांची रोपं लावायची होती. दादा डाव्या हाताने खुरप्याने खळगा करायचा, मी रोप सरळ धरायचो, मग तो डाव्याच हाताने माती दाबायचा. एकाच्या दोन हातांचं काम आम्ही तीन हातांनी करत होतो आणि तरी रांग वाकडी जात होती. दादा म्हणाला, "तुहं बोट लय घट्ट हाये. रोप गुदमरते. हलकं धर." मी हलकं धरलं. थोड्या वेळाने, रोपाकडेच बघत, तो म्हणाला, "लहान्या, त्या दिशी मले वाटलं, तू सांगशीन."

मी रोप तसंच धरून राहिलो.

"गावचे लोक म्हने, तुहा भाऊ तिथं हाये, चाल. आता त्याइले काय सांगू, माहा हात सुटते म्हनून? म्हनलं, चाला. लहान्याले ठावं हाये सगळं. तो करन काही तरी. सायेबाले त्याच्या भाषेत सांगन, याइले कोनाले समजनार बी नाही." त्याने माती दाबली. "दुसरं रोप दे."

मी रोप दिलं. आवाजात राग असता तर मला आधार वाटला असता. त्याने मला शिकवलेल्या इंग्रजीचा त्याला आयुष्यात एकदाच उपयोग होणार होता. त्याचा मान न जाता त्याला वाचवता येईल अशी एकच भाषा तिथे होती. ती मला येत होती, आणि गावच्या सात जणांना येत नव्हती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याचा मान राखत होतो आणि तो माझ्या बोलण्याची वाट बघत होता.

पुढच्या वर्षीही मी मृगात गेलो. तिसऱ्या वर्षी सुटी मिळत नाही असं कळवलं. मी ती मागितलीच नव्हती. लढाई संपून कापसाचा भाव तेव्हा कोसळला होता, कारखाना बंद पडत आला होता, सुटी सहज मिळाली असती. पण त्या वाफ्यात त्याच्यासमोर उकिडवं बसून रोप धरणं मला झेपत नव्हतं. त्यानंतर दादाने मळा हळूहळू कमी केला. मेथी टाकायला दोन हात लागत नाहीत, म्हणून शेवटी नुसती मेथी उरली. काही वर्षांनी तापाने तो गेला. मी पोचलो तेव्हा लोक नदीवरून परतले होते.

गेल्या महिन्यात मी वहिनीकडे गेलो होतो. ती आता थकली आहे, पण दारासमोरच्या तीन वाफ्यांत अजून मेथी करते. ओट्यावर बसून पानं खुडत होती. मीही समोर बसून खुडू लागलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "भाऊजी, तो सायेबाचा शब्द काय होता? हे सांगत राहायचे तो."

"एबल."

"त्याचा अर्थ काय होते?"

मी तिला मास्तरांनी सांगितलेला अर्थ सांगितला. मुळात हाताला बसणारी वस्तू. खुरपं, तांब्या, असं काही. जे धरलं की सुटत नाही.

तिने जुडीतली एक पिवळी काडी काढून बाजूला टाकली. "याइच्या हातातून तं गडवा सुटे," ती म्हणाली. "म्या डाव्या बाजूले ठेवो. तुमी पायत होते रोज."

"हो."

"मंग तुमाले ठावं होतं."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तिनेही ते विचारलं नाही, नुसतं माझ्यासमोर ठेवलं. मी म्हणालो, "हो वहिनी. मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

 खुडून झालेली मेथी तिने सुपात सारखी केली, त्यातली अर्धी फडक्यात बांधली आणि गाठोडं माझ्या बाजूला सरकवलं. मी जायला उठलो तेव्हा तिने वर बघितलं नाही. गाठोडं मी घेतलं. अमरावतीपर्यंत ते मी मांडीवर धरून बसलो होतो.